गुबगुबीत अक्षरांची गंमत आणि त्यांची जागा



गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या दारावर लावलेला फलक बहुतेक सभासदांना आठवत असेल. केशरी रंगावर पांढरी, गोलमटोल, एकमेकांना चिकटून बसलेली अक्षरे. फलक लागला त्या संध्याकाळी मुले त्याच्यापुढे उभी राहून अक्षरांवरून बोटे फिरवत होती. एरवी आपल्या फलकाकडे मुले ढुंकूनही पाहत नाहीत, त्यामुळे कार्यकारिणीतले आम्ही सगळे खूश होतो.

तिसऱ्या दिवशी मुलांच्या पाठांतराचा कार्यक्रम होता. वेळ सहाची. दांडिया बाजाराकडून येणाऱ्या एक आजी आपल्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन पावणेनऊला आल्या. सभागृहात सतरंज्या गुंडाळणे चालले होते. आजी मोबाइल वापरत नाहीत. त्यांनी येता-जाता फलक वाचला होता आणि त्यावरचा ६ त्यांना ९ वाटला होता. नातवाने महिनाभर मनाचे श्लोक पाठ केले होते. त्याने ते गणपतीपुढे उभे राहून म्हटले. ऐकायला आम्ही पाच-सहा जण होतो. आजी कुणालाही काही बोलल्या नाहीत. त्या गेल्यावर आम्ही दारापर्यंत जाऊन फलक पाहिला, तर दहा पावलांवरून तो आकडा आम्हालाही छातीठोकपणे सांगता येईना.

उत्सवानंतरच्या बैठकीत यावर दोन तट पडले. काहींचे म्हणणे, असली अक्षरे पुन्हा फलकावर नकोत; साधे, सरळ अक्षर बरे. दुसऱ्यांचे म्हणणे, वर्षभरात मुलांनी आपण होऊन वाचलेला मराठी फलक तो एकच होता. दोन्ही बाजूंत तथ्य होते. म्हणून आम्ही हा विषय थोडा मुळापासून समजून घ्यायचे ठरवले. अशी जाड, खेळकर अक्षरे कशी घडतात, ती कुठे कामाची असतात आणि कुठे दगा देतात, हे सभासदांसमोर ठेवण्यासाठी हा लेख.

शीर्षकाचे अक्षर आणि मजकुराचे अक्षर

छापील अक्षरांचे ढोबळ मानाने दोन प्रकार. एक मजकुराचे अक्षर. पुस्तकाच्या पानावर, वर्तमानपत्राच्या बातमीत ते असते. वाचणाऱ्याचे त्याच्याकडे लक्षही जाऊ नये, डोळा मजकुरावरून सरळ पुढे सरकावा, हे त्याचे काम. दुसरे शीर्षकाचे अक्षर. ते मोठ्या आकारात, चार-दोन शब्दांपुरते वापरायचे असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवणे, कार्यक्रमाचा रंग सांगणे हे त्याचे काम. इंग्रजीत याला ‘डिस्प्ले’ अक्षर म्हणतात आणि आपले छपाईवालेही तोच शब्द वापरतात.

हा भेद नवा नाही. खिळ्यांच्या छपाईच्या काळात मजकुरासाठी शिशाचे छोटे खिळे असत आणि भित्तिपत्रकांच्या मोठ्या ओळींसाठी लाकडी अक्षरे. नाटकाच्या जाहिरातीत नाटकाचे नाव हाताने रेखाटलेले असे आणि प्रयोगाची वेळ, थिएटरचे नाव, तिकिटांचा तपशील साध्या खिळ्यांत जुळवलेला असे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके आठवून पाहा. नाटक ऐतिहासिक आहे की विनोदी, हे नाव वाचण्याआधीच अक्षरांवरून कळे. पण ‘रात्री ८॥’ मात्र साध्या अक्षरातच असे.

आमची पहिली चूक इथेच झाली. शीर्षक ज्या अक्षरात, त्याच अक्षरात आम्ही तारीख, वेळ, फोन नंबर सगळे बसवले. सगळे एकाच अक्षरात असले की फलक छान दिसतो, असे आम्हाला वाटले होते.

पेंटर आणि फॉन्टकार

फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या आणि उत्सवाचे कापडी फलक पेंटर हाताने रंगवत. जाड, फुगीर, सावली दिलेली अक्षरे त्यांनाही आवडत. पण पेंटरच्या हाती एक मोठी सोय होती. ‘लक्ष्मी’ लिहायचे असेल, तर ‘क्ष्मी’ला जास्त जागा लागणार हे त्याला आधीच दिसे. मग तो ‘ल’ थोडा अंग चोरून काढी आणि ‘क्ष्मी’ला ऐसपैस बसवी. शब्द समोर ठेवून तो अक्षर घडवत असे.

फॉन्ट तयार करणाऱ्याला ही सोय नाही. आपण त्याच्या अक्षरांतून ‘लक्ष्मी’ लिहिणार की ‘राष्ट्रगीत’, हे त्याला ठाऊक नसते. कोणतेही अक्षर कोणत्याही अक्षराशेजारी येईल, कोणतीही मात्रा कोणावरही बसेल, हे गृहीत धरून त्याला प्रत्येक आकार एकदाच आणि कायमचा ठरवावा लागतो. रोमन लिपीत लहान-मोठी मिळून ५२ अक्षरे आणि आकडे, विरामचिन्हे केली की इंग्रजीचे बरेचसे काम भागते. देवनागरीत मूळ अक्षरे, त्यांची अर्धी रूपे, जोडाक्षरे, निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या असे शेकडो आकार काढावे लागतात. त्यातही अक्षर जितके जाड, तितके हे काम अवघड.

पोटातली पांढरी जागा

अवघड का, हे समजायला एक साधा प्रयोग करून पाहा. जाड मार्करने बोटभर उंचीचा ‘ग’ काढा. तो जमेल. त्याच मार्करने, त्याच उंचीत ‘क्ष’ काढा. मग ‘ष्ट्र’ काढा. ‘ष्ट्र’पर्यंत येईतो कागदावर काळा ठिपका उरलेला असेल.

अक्षर आपण काळ्या रेषेमुळे वाचतो असे वाटते. खरे तर काळ्याइतकीच आतली पांढरी जागाही वाचनाला लागते. ‘व’चे पोट, ‘भ’ची गाठ, ‘ह’ची वळणे या सगळ्यांत पांढरे असते म्हणून अक्षर ओळखू येते. रेषा जाड होऊ लागली की तिला बाहेर फारशी जागा नसते. वर शिरोरेषा आणि मात्रा, खाली उकार, शेजारी दुसरे अक्षर. म्हणून ती आतल्या पांढऱ्यावर चाल करते. ‘ग’मध्ये थोड्याच रेषा आहेत, त्याला ते सोसते. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ह्म’, ‘ष्ट्र’ यांच्यात त्याच उंचीत कितीतरी जास्त रेषा कोंबलेल्या असतात. त्यांचे पोट लगेच भरून जाते.

रोमन अक्षरांतही ही अडचण आहे, पण तिथे एका ओळीत बहुतेक एकच मजला असतो. देवनागरीत तीन मजले आहेत. वरच्या मजल्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, मधल्यावर अक्षर, तळमजल्यावर उकार आणि पाय मोडून बसलेली जोडाक्षरे. ‘हळदीकुंकू’ या एका शब्दात तिन्ही मजले भरलेले आहेत. मधल्या मजल्याच्या भिंती जाड करायच्या आणि वरच्या-खालच्यांनाही राहायला जागा द्यायची, असा हा पेच आहे.

‘मोदक’ फॉन्टने हा पेच कसा सोडवला

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘मोदक’ नावाचा फॉन्ट. नाव ऐकूनच अंदाज येईल. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने तो केला. देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी यांची आणि रोमन मैथिली शिंगरे यांची. देवनागरीतल्या सर्वांत गुबगुबीत फॉन्टांत त्याची गणना होते. बुडबुड्यासारखी फुगलेली, एकमेकांत मिसळून गेलेली अक्षरे, आणि त्यांच्यामध्ये पांढरी जागा म्हणून उरलेल्या बारीक चिरा, अशी त्याची ठेवण. सुरुवात हाताने काढलेल्या रेखाटनांपासून झाली.

इतक्या जाड अक्षरात पोटे वाचवायची कशी? ‘मोदक’मध्ये त्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी केल्या आहेत. पहिली, पांढरी जागा जवळपास रेघेइतकी बारीक केली, पण ती सगळीकडे राखली. अक्षर साधे असो की गुंतागुंतीचे, आतली चीर बुजू द्यायची नाही, हा दंडक ठेवला. दुसरी गोष्ट जास्त धाडसाची आहे. देवनागरीच्या पुष्कळ अक्षरांत उभा दंड असतो, ज्याला आपण काना म्हणतो. सगळ्या अक्षरांत तो सारख्याच जाडीचा ठेवला, तर गुंतागुंतीच्या अक्षरांना श्वास घ्यायला जागा राहत नाही. म्हणून या फॉन्टमध्ये दंडाची जाडी अक्षराप्रमाणे बदलते. कुठे तो पूर्ण आहे, कुठे बारीक आहे, तर कुठे वेगळा दंडच न दाखवता अक्षराच्या घडणीत फेरफार करून काम भागवले आहे. तरीही वाचताना आपल्याला तो असल्यासारखाच वाटतो.

हे वाचल्यावर आम्हाला पेंटरची आठवण झाली. ‘क्ष्मी’साठी ‘ल’ने अंग चोरायचे, तसे इथे दंडाने अंग चोरले आहे. फरक एवढाच, की पेंटर हे एका पाटीपुरते करी आणि इथे ते प्रत्येक अक्षरासाठी आधीच करून ठेवावे लागले.

आता लक्षात घ्या, इतक्या काळजीने राखलेली ही पांढरी चीर केसाएवढी आहे. अक्षर एक फूट उंच असेल तर ती छान दिसते. तेच अक्षर एक इंचावर आणले, तर छपाईची शाई आणि फ्लेक्सचा खरबरीतपणा मिळून ती बुजून जाते. आम्ही तर त्यावर आणखी एक उपद्व्याप केला होता. पांढऱ्या अक्षरांना उठाव यावा म्हणून डीटीपीवाल्याकडून जाड आउटलाइन आणि सावली घालून घेतली. आउटलाइन रेषेच्या दोन्ही बाजूंना वाढते. बाहेर वाढते ती दिसते, आत वाढते ती अक्षराचे पोट खाते. छपाईवाल्याने ‘वाचायला जड जाईल’ असे एकदा सुचवलेही होते. आम्हीच ऐकले नाही. त्यामुळे दोष ना अक्षराचा, ना छापणाऱ्याचा.

घोटाळ्याच्या जोड्या

देवनागरीत काही अक्षरांच्या जोड्या फार थोड्या फरकावर उभ्या आहेत. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’. ‘ध’ची डोक्यावरची रेघ तुटलेली असते आणि ‘घ’ची सलग, एवढ्याच फरकावर दोन अक्षरे वेगळी राहतात. ‘ब’ आणि ‘व’मध्ये फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. अक्षर जाड झाले की ही फट आणि ही रेघ आधी बळी पडते. आकड्यांतही तसेच. ६ आणि ९ दोन्ही गोलसर, शेपटीवाले. पोट भरले, शेपटी आखूड झाली, की जवळजवळ एकच.

आमच्या फलकावर ‘भजनसंध्या’ असे शीर्षक होते. मुलांनी ते ‘मजनसंघ्या’ असे वाचले आणि आठवडाभर तोच विनोद चालला. मोठ्यांनी मात्र बरोबर वाचले. कारण उघड आहे. मोठी माणसे शब्द आधीपासून ओळखतात. अर्धे अक्षर दिसले तरी उरलेले मन भरून काढते. मुले अक्षर-अक्षर लावून वाचतात. त्यांच्याजवळ भरून काढायला शब्दसाठा नसतो. आणि आकड्याच्या बाबतीत तर मोठ्यांनाही ही सोय नाही. ‘भजन’ हा शब्द अंदाजाने वाचता येतो, ६ की ९ हे अंदाजाने कळत नाही. म्हणूनच आजींनी शीर्षक बरोबर वाचले आणि वेळ चुकली.

मराठीचे खास वळण

फॉन्ट निवडताना आपण मराठी माणसांनी आणखी काही गोष्टी पाहायला हव्यात. देवनागरी हिंदीचीही आहे, त्यामुळे पुष्कळ फॉन्ट हिंदी वळण समोर ठेवून केलेले असतात. मराठीत पाकळ्यांचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ ही रूपे रूढ आहेत. हिंदीत ‘ल’ दंडाचा असतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्यावर मराठी रूप येते. ते आपोआप येत नाही, म्हणून डीटीपीवाल्याला सांगावे लागते.

दुसरी गोष्ट ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांची. यांतला ‘ऱ्या’चा आडवा अर्धा र मराठीत नेहमी लागतो, हिंदीत तो लागत नाही. ‘ळ’ तर आपला जिव्हाळ्याचा. ‘ॲड.’, ‘ॲप’ यांतला ‘अ’वरचा चंद्रही पाहावा. ज्या फॉन्टमध्ये ही अक्षरे नसतील, तिथे संगणक दुसऱ्याच कुठल्या फॉन्टमधले अक्षर उसने आणतो. मग गोलमटोल शब्दात एकच अक्षर किडकिडीत दिसते, नाहीतर त्या जागी नुसता चौकोन येतो.

म्हणून आम्ही एक चाचणीची ओळ करून ठेवली आहे. कोणताही नवा फॉन्ट आणला की त्यात आधी हे शब्द लिहून पाहायचे: भजनसंध्या, घटस्थापना, थालीपीठ, हळदीकुंकू, ज्ञानेश्वरी, लक्ष्मी, राष्ट्रगीत, दुसऱ्या, शाळा, ॲड., आणि शेवटी ६ व ९. या ओळीत वर सांगितलेल्या बहुतेक सगळ्या खाचाखोचा येतात. ही ओळ ज्याने निभावली, तो फॉन्ट आपल्या फलकाला चालेल.

आपल्या गावचा प्रश्न: दोन लिप्यांचा फलक

वडोदऱ्यात राहणाऱ्या आपल्याला आणखी एक प्रश्न आहे. मंडळाचा फलक अनेकदा मराठी आणि गुजराती अशा दोन लिप्यांत करावा लागतो, कधी इंग्रजीतही. मराठी एका फॉन्टमध्ये, गुजराती दुसऱ्याच ठेवणीत, असे झाले की फलक दोन वेगवेगळ्या लोकांनी केल्यासारखा दिसतो. त्यात गुजरातीला शिरोरेषा नाही. देवनागरीच्या शब्दावर रेघेचे वजन असते, गुजराती अक्षरे सुटी आणि मोकळी दिसतात. सारख्या आकारात शेजारी ठेवली तरी दोघांचा काळेपणा सारखा वाटत नाही.

यावर उपयोगी पडेल असे एक फॉन्ट-कुटुंब त्याच ‘एक टाइप’ गटाने केले आहे. त्याचे नाव ‘बालू’. ‘जंगल बुक’मधल्या अस्वलावरून. तोही जाड आणि खेळकर, पण ‘मोदक’पेक्षा अंगाने बेताचा. त्याची खुबी अशी, की वेगवेगळ्या भारतीय लिप्यांसाठी त्याची भावंडे आहेत आणि त्यांची नावेही तशीच ठेवली आहेत. गुजरातीचा ‘बालू भाई’, बंगालीचा ‘बालू दा’, गुरुमुखीचा ‘बालू पाजी’, कन्नडचा ‘बालू तम्मा’, तेलुगूचा ‘बालू तम्मुडू’, तमिळचा ‘बालू थंबी’, मल्याळमचा ‘बालू चेट्टन’. त्या त्या भाषेत धाकट्या किंवा थोरल्या भावाला जे म्हणतात, तेच नाव. बेळगावच्या मंडळाला मराठी-कन्नड फलक करायचा असो की हैदराबादच्या मंडळाला मराठी-तेलुगू, दोन्ही लिप्या एका घरातल्या दिसतील. पुढे ‘बालू २’ या नावाने त्याची पाच जाडींची आवृत्तीही आली, त्यामुळे शीर्षक जाड आणि खालची ओळ थोडी हलकी असे करता येते.

बारीक मजकुरासाठी याच गटाचा ‘मुक्ता’ आहे. तो साधा, मोकळा आणि वाचायला सोपा आहे. त्याचे गुजराती भावंड ‘मुक्ता वाणी’. हे सगळे फॉन्ट मोफत उतरवून घेता येतात आणि छपाईसाठी, कार्यक्रमांसाठी विनापरवानगी वापरता येतात. मंडळाच्या खर्चात त्यामुळे काही भर पडत नाही.

आता मुलांविषयी. आपल्याकडची पुष्कळ मुले शाळेत गुजराती आणि इंग्रजी वाचतात. देवनागरी त्यांना हिंदीच्या तासाला भेटते. मराठी म्हणून फारशी भेटत नाही. घरी मराठी बोलणारे मूल मराठी पाटी कुठे वाचते? रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या दुकानावर, देवळात, आणि आपल्या मंडळाच्या दारात. मुंबई-पुण्याच्या मुलाला रस्त्यावर दहा ठिकाणी मराठी दिसते, त्यात एखादी पाटी कंटाळवाणी असली तरी बिघडत नाही. आपल्या मुलाला महिन्यातून एक-दोनदाच मराठी पाटी दिसत असेल, तर ती पाहावीशी वाटली पाहिजे. बैठकीत गोलमटोल अक्षरांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हाच होता आणि तो सगळ्यांना पटला. फक्त त्याला एक पुस्ती जोडावी लागली. ज्या मुलाला अक्षर लावून वाचावे लागते, त्याच्यासाठी ‘भ’ हा ‘भ’च दिसला पाहिजे.

आम्ही काय ठरवले

या सगळ्या विचारानंतर मंडळाच्या फलकांसाठी पुढील गोष्टी ठरल्या आहेत. आपापल्या सोसायटीच्या किंवा घरच्या कार्यक्रमासाठीही त्या सभासदांना उपयोगी पडतील.

१. जाड, खेळकर अक्षर फक्त शीर्षकाला. शब्द चारपेक्षा जास्त नकोत. तारीख, वेळ, स्थळ, फोन नंबर साध्या अक्षरात.

२. वेळ आकड्यात आणि शब्दांतही लिहायची: ‘सायंकाळी ६ (सहा) वाजता’. ‘सकाळी’, ‘सायंकाळी’, ‘रात्री’ हे शब्द गाळायचे नाहीत. आपल्या फलकावर नुसते ‘६ वाजता’ होते. ‘सायंकाळी’ असते, तर आजींची फेरी फुकट गेली नसती.

३. जाड अक्षराला आउटलाइन नाही. उठाव हवा असेल तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत फरक वाढवायचा.

४. छापायला देण्याआधी कागदावर परीक्षा घ्यायची. दहा फूट रुंदीचा फलक असेल तर तो कागदावर दहा इंच रुंदीत छापून घ्यावा. म्हणजे तो बारा पटींनी लहान झाला. आता कागद अडीच फुटांवर भिंतीला लावून पाहिला, की तीस फुटांवरून खरा फलक जसा दिसेल तसा तो दिसतो. ही परीक्षा एका सत्तरीपुढच्या सभासदाकडून आणि एका दुसरी-तिसरीतल्या मुलाकडून घ्यायची. दोघांनीही न अडखळता वाचले तरच फलक छापायला जाईल.

५. डीटीपीवाल्याकडे मजकूर युनिकोडमध्येच द्यायचा. डिझाइनच्या काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरे सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते. तसे दिसले तर तिथेच सांगायचे. अंतिम फाइलमध्ये अक्षरे ‘कर्व्ह’ करून घ्यायची, म्हणजे छापखान्यातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही. मात्र कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मुद्रितशोधन त्याआधी.

६. प्रसंग पाहून अक्षर. बालमेळावा, खाद्यजत्रा, भोंडला, क्रीडास्पर्धा, गणेशोत्सव यांना गुबगुबीत अक्षर शोभते. व्याख्यान, सत्कार, वार्षिक सभेची सूचना यांना ते शोभत नाही. श्रद्धांजलीच्या फलकावर तर ते कधीही नको. शोकाच्या दिवशी अक्षराने उड्या मारलेल्या कुणाच्याही घरच्यांना आवडणार नाहीत.

आणखी एक काम

मंडळाच्या मागच्या खोलीत मुलांचे वाचनालय सुरू करायचे आपण ठरवले आहे. त्याच्या दारावरची पाटी जाड, गोलमटोल अक्षरांतच असावी, असे सर्वानुमते ठरले. नाव काय असावे, हे मुलांनीच सुचवायचे आहे. अट एकच: सुचवलेले नाव त्यांनी स्वतः मराठीत लिहून आणायचे. नमुन्याच्या पाट्या दोन-तीन फॉन्टांत छापून आपण सभागृहात लावणार आहोत. मुलांना त्या वाचता येतात का हे पाहू, आणि मग पक्की पाटी करू.

ज्यांच्याकडे मंडळाच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका, हाताने रंगवलेल्या फलकांची छायाचित्रे किंवा जुन्या नाट्यप्रयोगांच्या जाहिराती असतील, त्यांनी त्या पाहण्यासाठी आणाव्यात. आम्ही त्यांची प्रत काढून मूळ परत करू. आपल्या आधीच्या पिढ्यांनी या गावात मराठी अक्षर कसे मिरवले, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे.

आणि त्या आजींना आम्ही घरी जाऊन भेटलो. पुढच्या पाठांतराच्या कार्यक्रमात पहिले नाव त्यांच्या नातवाचे घेतले आहे. कागदावरच्या परीक्षेसाठी सत्तरीपुढचे सभासद म्हणून आजींचे नाव आम्ही सुचवले. चष्मा बदलून घेते आणि मग येते, असे त्या म्हणाल्या. चष्मा बदलू नका, आहे तोच घालून या, अशी आम्ही त्यांना विनंती केली आहे.